सम सगळ्यांची

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी आयुष्यभर एकेका शिष्याला समोर बसवून शिकवलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मी समूहाने शिकायच्या संगीताबद्दल बोलणार आहे, तेही मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवल्या जाणाऱ्या. तबला शिकून झाल्यावर तिकडच्या एका विद्यापीठाच्या समकालीन वाद्यवृंदात बसायची संधी मला मिळाली. गुरूसमोर बसून जे मिळालं होतं त्याला धक्का न लागता त्यात नवी भर पडली. ती भर काय होती, हे आज जमेल तितकं नेमकं सांगायचा प्रयत्न करतो. आपल्या संगीत विभागांतल्या मुलांनाही ती मिळावी, असं मला फार मनापासून वाटतं.

समकालीन संगीत म्हणजे इथे मला पाश्चात्त्य स्वरलिपीच्या परंपरेतून निघालेलं, गेल्या शंभरेक वर्षांतलं संगीत अभिप्रेत आहे. ते वाजवणाऱ्यांची पहिली अडचण अशी, की ते कुणाच्या कानात आधीपासून नसतं. बेथोव्हनची सिंफनी वाजवणाऱ्या विद्यार्थ्याने ती लहानपणापासून ऐकलेली असते. आपल्याकडे यमनची बंदिश शिकणाऱ्याच्या कानात यमन असतोच. नव्या रचनेचा पहिला दिवस मात्र वेगळा. खोलीत बसलेल्या दहा-पंधरा जणांपैकी एकालाही ही रचना कशी ऐकू यायला हवी हे ठाऊक नसतं, आणि पुष्कळदा शिकवणाऱ्यालाही नसतं. कागदावर खुणा आहेत, त्यांतून काय उमटेल ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. त्यामुळे तालीम हीच शिकण्याची मुख्य जागा होते. मैफल हा तिचा शेवट, पण तिचं कारण नव्हे.

अशा तालमीला वेळ लागतो. रचनाकार शोनबर्गची ‘पिएरो ल्युनेर’ ही रचना १९१२च्या ऑक्टोबरात बर्लिनमध्ये पहिल्यांदा सादर झाली. एक आवाज आणि पाच वादक, पण त्यासाठी चाळीसेक तालमी झाल्या असं सांगितलं जातं. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो हा तिचा वाद्यमेळ पुढे इतका रूढ झाला, की आज जगभरचे रचनाकार डोळे मिटून त्या पाच वाद्यांसाठी लिहितात. त्याच शोनबर्गने १९१८ साली व्हिएन्नात खासगी वादनांसाठी एक मंडळ काढलं. तिथे समीक्षकांना मज्जाव होता. टाळ्या वाजवायच्या नाहीत असा नियम होता. कार्यक्रमात काय वाजणार ते आधी जाहीर होत नसे, आणि अवघड रचना पुन्हा पुन्हा ऐकवल्या जात. वाजवणारे वाजवण्याइतके तयार झाल्याशिवाय रचना लोकांसमोर आणायचीच नाही, हा त्यामागचा आग्रह. तीन वर्षांत शंभराहून अधिक कार्यक्रम झाले. मग ऑस्ट्रियातल्या भयंकर चलनवाढीने १९२१ साली ते मंडळ बंद पाडलं.

या शेवटच्या वाक्यात पुढच्या इतिहासाचं बीज आहे. तालमीचे तास विकत घेणं व्यावसायिक संगीताला परवडत नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकून मुंबईला आलेल्या वादकांनी आपल्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले, हे आपण जाणतोच. कागद समोर आला की वाजवायचा, थोड्या वेळात ध्वनिमुद्रण संपवायचं, ही त्यांची हुकमत होती. तिच्याविषयी मला अपार आदर आहे. पण त्यांच्यातल्याच एकाला ती अपुरी वाटली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात वाद्यवृंद उभा करून भारतीय आणि पाश्चात्त्य संगीत जोडणाऱ्या स्वतःच्या रचना वाजवून घेतल्या. पुढे १९६५ साली ते अमेरिकेला, सिरॅक्यूज विद्यापीठाकडे गेले. ज्याला नवं काही लिहून, घोटून, ऐकून पाहायचंय त्याला एका टप्प्यावर विद्यापीठाची पायरी चढावी लागते, याचं आपल्या घरातलं उदाहरण म्हणून मी त्यांच्याकडे पाहतो.

कारण अमेरिकेत नेमक्या त्याच वर्षांत ही जबाबदारी विद्यापीठांनी उचलली होती. इलिनॉय विद्यापीठात पॉल प्राइस यांनी १९५० साली तालवाद्यांच्या समूहवादनाला पदवीच्या अभ्यासक्रमात जागा मिळवून दिली. कोलंबिया विद्यापीठात १९६२ साली समकालीन संगीताचा गट निघाला. १९६४ साली बफेलो आणि शिकागो, १९६६ साली आयोवा. यांतल्या अनेक ठिकाणी रॉकफेलर प्रतिष्ठानचा पैसा होता. पैशाहून मोलाची होती ती वेळापत्रकातली जागा. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खोलीत, सत्रभर तेच लोक भेटणार आणि त्याचे गुण विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात चढणार. हे साधं वाटतं, पण समकालीन संगीत त्यावरच तगलं आहे.

आता प्रत्यक्ष वर्गात काय होतं ते पाहू. सुरुवातीला बहुधा हाताशी येते ती अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइश यांची १९७२ सालची ‘क्लॅपिंग म्युझिक’. वाद्य लागत नाही, दोन माणसं आणि चार हात पुरतात. बारा मात्रांचं आवर्तन आहे. तीन टाळ्या, एक रिकामी मात्रा. दोन टाळ्या, एक रिकामी. एक टाळी, एक रिकामी. पुन्हा दोन टाळ्या, एक रिकामी. पहिला वादक शेवटपर्यंत हेच वाजवतो. दुसरा त्याच्याबरोबर सुरू करतो आणि ठरावीक आवर्तनांनंतर आपला आकृतिबंध एका मात्रेने सरकवतो. पुन्हा तेवढी आवर्तनं, पुन्हा एक मात्रा. बाराव्यांदा सरकला की दोघे पुन्हा एकत्र.

तबलावाल्याला हे सोपं जावं असं वाटतं. एकतालाच्या मात्रा रक्तात असतात, कुठल्याही मात्रेवरून बोल उचलायची सवय असते. तरी आपली मुलं इथे अडतात, आणि का अडतात ते पाहण्यासारखं आहे. सलग तीन टाळ्यांचा तुकडा कानाला इतका ठळक लागतो, की तो जिथून सुरू होईल तिथे मन सम मांडू लागतं. राइश यांची सूचना नेमकी उलट आहे: दुसऱ्या वादकाने सम हलवायची नाही, लिहिलेल्या जागीच धरायची. म्हणजे आवर्तन दोघांचं एकच, आणि बदलत्या आकृतिबंधातली दर वेळी वेगळी मात्रा त्या समेवर येणार. आपल्या मैफलीत ठेका तबल्याकडे असतो, म्हणून गायक किंवा सतारिया मोकळा हिंडतो आणि समेवर परत येतो. एकाने सांभाळायचं, दुसऱ्याने खेळायचं. सोलोतही लेहरा सारंगीवाला किंवा पेटीवाला धरतो. ‘क्लॅपिंग म्युझिक’मध्ये लेहरा धरणारा कुणी नाही. सम दोघांच्याही आत एकाच वेळी चालू राहावी लागते, आणि समोरच्याचं वाजवणं कान देऊन ऐकत असतानाच. ऐकलं नाही तर वादन कोरडं होतं, ऐकण्यात वाहवलं तर आपला आकृतिबंध सुटतो. या दोहोंच्या मधला अवधानाचा जो एक पट्टा आहे, तिथे टिकून राहायला ही पाच मिनिटांची रचना शिकवते. एकट्याच्या रियाजात तो पट्टा सापडणं मला शक्य वाटत नाही.

दोघांचं जमलं की सगळ्यांचं. रचनाकार टेरी रायली यांची ‘इन सी’ १९६४च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या टेप म्युझिक सेंटरमध्ये पहिल्यांदा वाजली. वाजवणाऱ्यांत स्वतः राइश होते, पॉलीन ऑलिव्हेरोस होत्या. सगळ्या वादकांसाठी मिळून एकच पान, त्यावर ५३ छोटे स्वरसमूह. कितीही वादक, कुठलीही वाद्यं. प्रत्येकाने पहिल्यापासून त्रेपन्नाव्यापर्यंत क्रमाने जायचं, पण कुठला तुकडा किती वेळा वाजवायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. वरच्या षड्जावर एक अखंड ठोका चालू राहतो. ती कल्पना राइश यांनी तालमीत सुचवलेली. सुरुवात सा आणि ग यांच्या खेळाने होते, पुढे तीव्र मध्यम डोकावतो, शेवटाकडे कोमल निषाद येतो. सगळं मिळून तास-सव्वा तास सहज लागतो.

एवढं स्वातंत्र्य दिल्यावर गोंधळ व्हायचा तो होत नाही, कारण रायली यांनी आणखी थोड्या गोष्टी सांगून ठेवल्यात. कुणी इतरांच्या फार पुढे जायचं नाही, फार मागे रेंगाळायचं नाही. दोन-तीन तुकड्यांच्या अंतरात राहायचं. अधूनमधून वाजवणं थांबवून नुसतं ऐकायचं. निदान एक-दोनदा तरी सगळे एकाच तुकड्यावर एकत्र यावेत असा प्रयत्न करायचा. दिंडीत प्रत्येकाची चाल आपापली असते आणि तरी दिंडी तुटत नाही, तशीच ही व्यवस्था. पण दिंडीला विणेकरी असतो. इथे तोही नाही.

पहिल्या तालमीत काय होतं, ते ज्यांनी अशा वर्गात वाजवलंय त्यांना ओळखीचं असेल. सगळे मोठ्याने वाजवतात. प्रत्येकाला आपला तुकडा ऐकू यायला हवा असतो, म्हणून आवाज चढत जातो आणि अखेर कुणालाच काही ऐकू येत नाही. चांगला शिक्षक अशा वेळी सूचना देत नाही. तो ध्वनिमुद्रण लावतो, किंवा अर्ध्या वर्गाला बाहेर बसवून ऐकायला लावतो. मग एखादी क्लॅरिनेटवाली मुलगी म्हणते की मी आणि मरिंबा एकच तुकडा वाजवत होतो आणि मला ते कळलंच नाही. पुढच्या वेळी ती तुकडा सुरू करण्याआधी क्षणभर थांबते. तो कोण वाजवतंय ते हेरते, त्याच्या फटीत आपला तुकडा अर्ध्या मात्रेने सरकवून बसवते, आणि एकाएकी त्या दोन तुकड्यांतून कागदावर नसलेली तिसरीच चाल ऐकू येऊ लागते. सर्वांचे चेहरे बदलतात. तिथून पुढे आवाज आपोआप खाली येतो, कारण आता ऐकण्यासारखं काहीतरी सापडलेलं असतं. नम्रपणाचा उपदेश करून हे साधत नाही. कानाला मोबदला मिळाला की हात शहाणा होतो.

‘इन सी’ची पहिली तबकडी १९६८ साली निघाली, तीही बफेलो विद्यापीठातल्या केंद्राच्या वादकांना घेऊन. विद्यापीठाची खोली नसती तर ही रचना किती दूर पोचली असती, मला शंका आहे.

आता ज्या उदाहरणासाठी मी हा विषय निवडला त्याकडे येतो. मिशिगन राज्यात अ‍ॅलेनडेल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ग्रँड व्हॅली विद्यापीठात रचनाकार बिल रायन यांनी २००६ साली विद्यार्थ्यांचा नवसंगीत वृंद सुरू केला. ही काही संगीताची नामांकित अकादमी नव्हे, सर्वसाधारण सरकारी विद्यापीठ. त्यांनी पहिल्याच वर्षात हात घातला तो राइश यांच्या ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ला.

ही रचना १९७६ साली न्यू यॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजली. व्हायोलिन, चेलो, दोन क्लॅरिनेटवाले, चार स्त्रीस्वर, चार पियानो, मरिंबा, झायलोफोन आणि व्हायब्राफोन. लांबी पंचावन्न मिनिटांच्या आसपास. सुरुवातीला अकरा स्वरमेळ एकामागून एक उलगडतात, मग प्रत्येक स्वरमेळावर एकेक विभाग, शेवटी पुन्हा ते अकरा. मरिंबा आणि पियानो यांचा ठोका तासभर अव्याहत चालतो. त्या ठोक्यावर क्लॅरिनेट आणि गळे एकेक स्वर धरतात, आणि तो किती वेळ धरायचा हे मात्रांनी ठरत नाही. जितका दम पुरेल तितका. म्हणजे एकाच वेळी दोन कालगणना चालू आहेत, एक हाताची आणि एक फुप्फुसाची. ख्यालाच्या श्रोत्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

संचालक इथेही नाही. पुढच्या भागाकडे जायची खूण व्हायब्राफोन देतो. एक ठरलेला स्वरसमूह तो एकदाच वाजवतो आणि सगळे वळतात. बालीच्या गामेलान वाद्यवृंदात ढोलवाला आणि पश्चिम आफ्रिकेत मुख्य वादक असाच वाजवून इशारा देतो. राइश १९७० साली घाना विद्यापीठात जाऊन तिथलं ढोलवादन शिकून आले होते, त्याचं फळ इथे दिसतं. आधीच्या रचनांत ते मान हलवून खुणा करत. आता खूण संगीताच्या आतच आली, म्हणजे ज्याचं लक्ष ऐकण्यावर नाही त्याला वळणच सापडणार नाही.

बरीच वर्षं ही रचना फक्त राइश यांचा स्वतःचा गट वाजवत असे. वादकांकडे आपापले कागद होते, त्यांवर आपापल्या खुणा होत्या, पण सगळ्यांचं एकत्र असं स्वरलेखन नव्हतं. नव्वदच्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या मार्क मेलिट्स या तरुण रचनाकाराने ते सुटे कागद आणि ध्वनिमुद्रण समोर ठेवून संपूर्ण संहिता लिहून काढली. हे काम मला ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीइतकं थोर वाटतं, कारण त्यामुळे एका घरातली विद्या कुणालाही शिकण्याजोगी झाली. ग्रँड व्हॅलीच्या मुलांपर्यंत ती त्याच वाटेने आली.

ती मुलं शिक्षक व्हायची तयारी करणारी होती, पदवीच्या वर्गातली होती. तासभराचं वादन, ज्यात एकजण भरकटला तर सतरा जणांचा घात. त्यांनी महिनोन्महिने तालीम केली. इनोव्हा कंपनीने २००७ साली त्यांचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केलं आणि अमेरिकेतल्या समीक्षकांनी ते विद्यार्थ्यांचं म्हणून सवलतीने न ऐकता, रचनेच्या इतर ध्वनिमुद्रणांच्या शेजारी ठेवून ऐकलं. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या ‘बँग ऑन अ कॅन’ महोत्सवात त्यांनी ती वाजवली. २००९ साली त्यांनी ‘इन सी’ ध्वनिमुद्रित करून ती इतर रचनाकारांना नव्याने घडवायला दिली. मी ते २००७चं ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवतो तेव्हा विद्यार्थ्यांना आधी सांगत नाही की वाजवणारे त्यांच्याच वयाचे आहेत. नंतर सांगितल्यावर जी शांतता पसरते ती मला फार आशादायक वाटते.

हे सगळं परकं आहे, आपलं नाही, असं कुणी म्हणेल. त्याने थोडा भूगोल पाहावा. ‘इन सी’ लिहिल्यानंतर सहा वर्षांनी, १९७० साली, टेरी रायली पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. आणि वहीद खाँ म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचे भाऊबंद. त्या करीम खाँनी मिरज आपली मानली आणि १९३७ पासून ते तिथेच विसावले आहेत. प्राणनाथ आणि रायली दोघांनीही पुढे कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजमध्ये शिकवलं. सॅन फ्रान्सिस्कोचं ते टेप म्युझिक सेंटरही १९६६ साली त्याच कॉलेजात हललं होतं. जगातल्या सर्वाधिक वाजवल्या गेलेल्या समूहरचनांपैकी एक लिहिणारा माणूस एकेका स्वराचा अभ्यास करायला किराण्याच्या दाराशी आला. त्याला गुरूसमोर बसण्यात काही उणं वाटलं नाही. मग आपल्या शिष्यांनी समूहात बसण्यात आपल्याला उणं का वाटावं?

आपल्याकडची स्थिती मी विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर बसून पाहिली आहे. विद्यार्थी आत येतो तेव्हा एकटा गातो, बाहेर पडतो तेव्हाही एकटा गातो. साथसंगत शिकवली जाते, पण साथीदाराची जागा आधीच ठरलेली असते. युवक महोत्सवाचं समूहगीत आणि लोकवाद्यवृंद हाच काय तो अपवाद. त्या तालमी मी जवळून पाहिल्यात. पोरं रात्री उशिरापर्यंत थांबतात, एकमेकांचे सूर लावून देतात, चुकलेल्याला सांभाळून घेतात. एवढी ऊर्जा स्पर्धेचा निकाल लागला की विरून जाते, कारण तिला श्रेयांक नाहीत, शिक्षकाच्या कार्यभारात तिचे तास नाहीत. परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्न दर वेळी येतो. उत्तर अवघड नाही. आपला भाग तयार करून आला का, इतरांचं ऐकून वाजवण्यात बदल केला का, तालमीत काही सुचवलं का, दुसऱ्याचं सुचवणं करून पाहिलं का, हे सत्रभर पाहणाऱ्या शिक्षकाला सहज सांगता येतं. बाहेरून आलेल्या परीक्षकाला वीस मिनिटांत ते दिसणार नाही, हे मात्र मान्य करावं लागेल आणि नियम त्याप्रमाणे बदलावे लागतील.

सुरुवात कशाने करावी, यावर माझं मत असं. पहिले दोन आठवडे टाळ्या. मग रचनाकार कॉर्नेलियस कार्ड्यू यांच्या ‘द ग्रेट लर्निंग’चा सातवा परिच्छेद, जो न शिकलेल्या आवाजांसाठीच आहे: प्रत्येकाने एक स्वर धरून आपल्या दमाने गायचं आणि पुढचा स्वर शेजाऱ्याच्या गळ्यातून उचलायचा. गायनाच्या विद्यार्थ्यांना यातून स्वतःच्या षड्जाबाहेर पडावं लागतं, आणि ते त्यांना जड जातं; जाऊ द्यावं. त्यानंतर ‘इन सी’. मालीच्या कलावंतांनी ती कोरा आणि बालाफोनवर वाजवली आहे, शांघायमध्ये चिनी वाद्यांवर वाजली आहे, ब्रुकलिन रागा मॅसिव्ह या गटाने सतार, बासरी, तबल्यावर २०१७ साली ध्वनिमुद्रित केली आहे.

आपल्या वर्गात ती आणताना पहिल्याच दिवशी खरा प्रश्न उभा राहील. ‘सी’ म्हणजे पांढरी एक. आपल्या सतारी बहुधा काळी एकच्या आसपास जुळवलेल्या, मुली काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या, बासरीवाल्याची बासरी आणखी तिसऱ्याच पट्टीतली. पेटीचा गंधार आणि सतारीचा गंधार एकमेकांशी जुळणार नाहीत. सतार उतरवायची की रचना चढवायची? पेटी ठेवायची की काढायची? वरच्या षड्जाचा ठोका कुणी धरायचा, संतूरने की जलतरंगाने? हे प्रश्न शिक्षकाने आधी सोडवून आणू नयेत. वर्गाला सोडवू द्यावेत, मग एखादी तालीम त्यातच गेली तरी चालेल.

दुसऱ्या सत्रात त्याच वृंदासाठी वर्गातल्याच कुणी लिहावं. एखाद्या मुलीला कोल्हापूरच्या हलगीचा ठेका आणि चार पेट्या हव्याशा वाटतील, एखाद्याला नुसते चार तंबोरे वेगवेगळ्या पट्ट्यांत. लिहिणारी समोर बसलेली असेल, वाजवणारे तिला विचारतील की इथे काय हवंय, आणि तिला उत्तर शोधून आणावं लागेल. या वर्षी आपल्या विभागाच्या वेळापत्रकात गुरुवारी दुपारचे तीन तास मोकळे आहेत, तालीमखोलीही रिकामी असते. विभागप्रमुख इथे उपस्थित आहेत. ते तास आम्हाला द्यावेत, अशी माझी त्यांना या व्यासपीठावरून विनंती आहे.